पाण्याचा हिशेब ठेवणारं गाव

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पर्जन्यछायेत येतं. १९७२च्या दुष्काळानंतर इथली माणसं मजुरीसाठी बाहेर पडू लागली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, चर खणले, बांध घातले. पण गाव उभं राहिलं ते पाण्याच्या खर्चातल्या शिस्तीमुळे, असं मला ठामपणे वाटतं. पाणी अडवण्याची कामं राज्यात कितीतरी ठिकाणी झाली. मात्र साठलेलं पाणी उसानं पिऊन टाकलं, की टँकर पुन्हा दारात. हिवरे बाजारात पर्जन्यमापकावरचा आकडा ग्रामसभेत येतो, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला निघतं, मग उरलेल्यावर पिकं ठरतात. पाऊस कमी, तर पाणीखाऊ पिकाला नकार. शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदीच.

हा शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही का? जमीन सातबाऱ्यावर एकाच्या नावे असते, खडकातलं पाणी नसतं. एकाचं खोल बोअर शेजाऱ्याची विहीर कोरडी करतं. सगळं एका खमक्या सरपंचामुळे घडलं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. सुरुवातीपुरता तो खराही. पण दरवर्षी तोच हिशेब मांडून पाळायचा, तर त्याला अख्खी ग्रामसभाच लागते.