वाढती स्मृती आणि टक्केवारीची मर्यादा

लिनक्सच्या कर्नलमध्ये जी मूल्ये आगाऊ ठरवून दिलेली असतात, ती बहुतेक यंत्रांवर यंत्र मोडीत निघेपर्यंत तशीच राहतात. म्हणूनच ती ठरविण्याचे काम जोखमीचे आहे. यंत्राची स्मृती वाढली म्हणजे ही मूल्येही त्याच प्रमाणात वाढावीत काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर तत्काळ डिस्कवर जात नाही. तो प्रथम स्मृतीतील पृष्ठांत राहतो आणि कर्नल तो सवडीने डिस्कवर उतरविते. अद्याप न उतरलेल्या पृष्ठांना ‘डर्टी’ अशी संज्ञा आहे. ती उपलब्ध स्मृतीच्या १० टक्क्यांपलीकडे गेली की उतरवणी पार्श्वभूमीवर सुरू होते. २० टक्क्यांच्या मर्यादेपुढे ती जाऊ नयेत म्हणून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवून धरले जाते. २००७ साली या मर्यादा १० व ४० वरून ५ व १० वर आणल्या होत्या. २००९ साली एका चाचणीत लेखनाचा वेग घटल्याचे दिसताच त्या दुप्पट करण्यात आल्या.

आता १ गिगाबाइट उपलब्ध स्मृतीचे १० टक्के म्हणजे सुमारे १०० मेगाबाइट. सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिणारी डिस्क हा साठा एका सेकंदात उतरविते. तीच डिस्क ६४ गिगाबाइटच्या यंत्रास जोडली, तर साठा ६.४ गिगाबाइट होतो आणि त्यास मिनिटाहून अधिक काळ लागतो. लेखन विखुरलेले असेल तर कितीतरी अधिक. मधल्या काळात वीज गेली, तर ‘जतन झाले’ म्हणून निर्धास्त झालेल्या संशोधकाचे काम नष्ट होते. तीस सेकंदांहून जुनी पृष्ठे उतरवावीत असा आणखी एक नियम आहे खरा; परंतु तो उतरवणीस कधी घ्यावे एवढेच सांगतो, ती केव्हा संपेल हे नव्हे.

३२-बिट यंत्रांवर हा दोष झाकलेला होता. तेथे हा हिशेब करताना उच्च स्मृती गणनेत धरलीच जात नसे. त्यामुळे स्मृती कितीही बसविली तरी मर्यादा सुमारे १८० मेगाबाइटपुढे जात नसे. ६४-बिट यंत्रांनी हे कुंपण काढून टाकले.

विशेष असे की, याच कर्नलमध्ये याहून शहाणा हिशेब अन्यत्र सापडतो. आणीबाणीसाठी मोकळी ठेवावयाची किमान स्मृती वर्गमुळाने ठरते : १ गिगाबाइटला ४,०९६ किलोबाइट, १६ गिगाबाइटला १६,३८४. स्मृती सोळापट, राखीव साठा चौपट. यंत्राच्या आकाराच्या प्रमाणात जालाची वहनक्षमता वाढत नाही, असे कारण तेथे नोंदविलेले आहे. डिस्कलाही ते लागू पडावयास हवे होते.

टक्केवारीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तात्पुरत्या फाइली निर्मून लगेच पुसणाऱ्या कामांत मोठा साठा डिस्कचा बराच व्याप वाचवितो. तथापि, मर्यादा डिस्कच्या वेगावरून ठरवावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २००९ पासून ‘डर्टी बाइट्स’ व ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ या मूल्यांनी ती थेट बाइटांत सांगता येते. ती सांगितली की तिच्या जोडीची टक्केवारी आपोआप रद्द होऊन शून्य दिसू लागते.