घरच्या पडद्यावरील चित्रपट : उपकरण घेण्यापूर्वी



दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मुंबईत पाहिलेल्या ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ या मूकपटापासून मिळाली, ही गोष्ट आपणां ख्रिस्ती वाचकांना विशेष जवळची वाटावी. पुढे प्रभू येशूच्या जीवनावरील ‘करुणामयुडू’ (१९७८) हा तेलुगू चित्रपट ‘दयासागर’ या नावाने हिंदीत आला आणि गावोगावी कापडी पडद्यावर दाखविला गेला. त्या काळी चित्रपट पाहणे म्हणजे चार माणसांत बसून पाहणे असे. आज तोच चित्रपट मोबाइलवर आला आहे आणि एकाच घरातील चार माणसे चार कोपऱ्यांत चार निरनिराळी चित्रे पाहत बसली आहेत.

इंटरनेटवरील चित्रपट टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर आणणारी छोटी उपकरणे या कुटुंबाला पुन्हा एकत्र बसवू शकतात. म्हणूनच महाड व पोलादपूर तालुक्यांतील आपल्या कुटुंबांसाठी त्यांची माहिती येथे देत आहोत.

उपकरणे कोणती?

पहिला प्रकार म्हणजे टीव्हीच्या मागील एचडीएमआय जागेत बसणारी बोटभर लांबीची स्टिक. अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ साली आली. तिला स्वतःचा रिमोट असतो. दुसरा प्रकार गूगलच्या क्रोमकास्टचा. त्यात मोबाइलवर निवडलेला चित्रपट टीव्हीवर पाठविता येतो. त्याचे उत्पादन २०२४ साली थांबले. तथापि अनेक घरांत ते अजून वापरात आहे. तिसरा प्रकार म्हणजे फायबर जोडणी देणाऱ्या कंपन्यांकडून जोडणीबरोबर मिळणारा सेट-टॉप बॉक्स. ज्यांच्याकडे स्मार्ट टीव्ही आहे त्यांच्या संचातच ही सोय असते. त्यांना वेगळे उपकरण घेण्याची सहसा गरज नाही. जुन्या, मोठ्या काचनळीच्या टीव्हीला एचडीएमआय जागा नसते. त्यावर स्टिक चालत नाही.

चित्रपट घरी कसा येतो?

चित्रपट या उपकरणात साठविलेला नसतो. तो दूरच्या संगणकावर असतो आणि लहान-लहान तुकड्यांनी आपल्याकडे येत राहतो. उपकरण पुढचे काही तुकडे आधीच घेऊन ठेवते. इंटरनेट मंदावले की चित्र प्रथम धूसर होते, नंतर थांबते आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. स्पष्ट चित्रासाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वेग सतत मिळावा लागतो.

येथेच आपल्या भागाची खरी अडचण आहे. महाड शहरात व महामार्गालगत जे सहज मिळते, ते सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवर मिळेलच असे नाही. डोंगराआड मोबाइलची रेंजही कमी-जास्त होते. मुंबईस नोकरी करणारा मुलगा आईवडिलांसाठी प्रेमाने स्टिक आणतो. परंतु घरी वायफाय नसेल तर ती कपाटात पडून राहते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती चालते खरी. मात्र स्पष्ट चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि साध्या चित्राला १ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या पॅकवर दोन तासांचा साधा चित्रपटही जेमतेम पुरा होतो.

यास्तव आधी जोडणी पाहावी, मग उपकरण घ्यावे. शेजारच्या घरी जोडणी असल्यास संध्याकाळच्या वेळी तिचा वेग कसा असतो ते विचारावे. खर्चही तिहेरी आहे, हे ध्यानात ठेवावे : उपकरणाची किंमत एकदाच, इंटरनेटचे शुल्क दरमहा आणि चित्रपट-सेवांची वर्गणी वेगळी. ‘सर्व काही फुकट’ म्हणून विकले जाणारे बॉक्स बहुधा चोरीचे चित्रपट दाखवितात. सातवी आज्ञा येथेही लागू आहे.

पावसाळ्याविषयी दोन शब्द. जुलै २०२१ च्या महापुरात महाड पाण्याखाली गेले, तळीये येथे दरड कोसळली. त्या वेळी वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले होते. इंटरनेटवरील टीव्ही अशा प्रसंगी मुका होतो. घरातील बॅटरीवरचा रेडिओ टाकून देऊ नये. राउटर व सेट-टॉप बॉक्स उंचावर ठेवावेत आणि विजा चमकत असताना त्यांचे प्लग काढून ठेवावेत.

घराचा उंबरठा

चित्रपटगृहातील चित्रपटास केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. इंटरनेटवरील मालिकांना ते लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार या सेवांनी स्वतःच वयोगट दर्शवावयाचा असतो आणि १३ वर्षांवरील गटांसाठीच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावयाची असते. ते कुलूप मात्र आपोआप लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन मुलांसाठी वेगळे खाते उघडावे आणि पिन आईवडिलांनीच ठेवावा.

ख्रिस्तसभेने या माध्यमांकडे कधी पाठ फिरविली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी काढलेल्या ‘इंतेर मिरिफिका’ या हुकूमनाम्याने त्यांना अद्भुत शोधांत गणले आणि घरात काय येते यावर लक्ष ठेवण्याचे गंभीर कर्तव्य आईवडिलांवर सोपविले. आजारपणात अंथरुणावर असताना संत क्लारा यांना दूरच्या मंदिरातील मिस्साविधी भिंतीवर दिसला, अशी परंपरा आहे; म्हणून पोप बारावे पायस यांनी त्यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत घोषित केले. मंदिरापर्यंत चालत येऊ न शकणाऱ्या आजी-आजोबांना आज याच पडद्यावर मिस्सा पाहता येते. मात्र ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी रविवारी मंदिरातच यावे. पडद्यावरून पवित्र कम्युनियन मिळत नाही.

आमची सूचना साधी आहे. उपकरण बसविलेच तर ते बैठकीच्या खोलीत बसवावे. आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवावी, आधी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी, मग सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा आणि संपल्यावर त्याविषयी बोलावे. त्या वेळेपुरते मोबाइल बाजूला राहिले, तर उपकरणावर झालेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.