थंडीची वर्दी : उतारवयातील हिवाळ्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता सुमारे 40 किलोमीटरच्या अंतरात हजार मीटरहून अधिक उंची चढतो, आणि या चढणीमुळेच महाड-पोलादपूर भागात हिवाळ्याची एक सोयीस्कर वाटणी रूढ झालेली दिसते : थंडी ती घाटावरची, खाली असतो तो नुसता गारवा. वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या डिसेंबर-जानेवारीत येऊ लागल्या की ही समजूत अधिकच पक्की होते. परंतु उतारवयातील आरोग्यापुरते बोलायचे तर हवेचे तापमान हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा असा की, वाढत्या वयात शरीराची वर्दी देणारी यंत्रणाच मंदावते, आणि थंडी, तहान, ताप व चटका या चारही गोष्टी वृद्धांना उशिरा, कमी प्रमाणात किंवा कधी मुळीच जाणवत नाहीत. पुढील गैरसमजांपैकी बहुतेक ‘जाणवत नाही, म्हणजे नाही’ या एकाच गृहीतकातून निघालेले आहेत.

गैरसमज 1 : घाटाखाली थंडीचा धोका नसतो.

वस्तुस्थिती : निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते, तिला लागून असलेली हवा गार होऊन जड होते आणि डोंगरउतारावरून घरंगळत सावित्री नदीच्या खोऱ्यासारख्या सखल भागात साचते. तळाशी गार आणि वर तुलनेने उबदार अशा या उलट्या रचनेला भूगोलात तापमानाची विपरीतता म्हणतात. किनाऱ्यावरच्या गावांना रात्री समुद्राची ऊब मिळते, ती इथवर फारशी पोहोचत नाही; त्यामुळे दुपारी घाम काढणारे ऊन आणि पहाटे हुडहुडी असा दुहेरी हवामानाचा ताण आतल्या तालुक्यांत अधिक असतो. दुपारच्या उन्हावरून कपड्यांचा अंदाज बांधणारी व्यक्ती पहाटेच्या थंडीला बेसावध सापडते. अशा वेळी एका जाड पांघरुणापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर अधिक उपयोगी पडतात, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. अनेक जुन्या कापडांची गोधडी याच तत्त्वावर चालते.

गैरसमज 2 : थंडी वाजत नसेल, तर शरीर उबदारच आहे.

वस्तुस्थिती : थरथरणे हा शरीराचा उष्णता निर्माण करण्याचा उपाय आहे, आणि म्हातारपणी स्नायू घटल्याने तो दुबळा होतो, त्वचेखालची चरबी कमी होते, आणि त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून ऊब राखण्याची क्रियाही सुस्तावते. शरीराच्या आतील भागाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्या अवस्थेला अल्पतापावस्था म्हणतात, आणि अशक्त वृद्धांमध्ये ती बर्फाळ प्रदेशातच नव्हे, तर गार घरातही उद्भवू शकते. बोलणे अडखळणे, हालचालीत बोजडपणा, गोंधळलेपण, अकारण झोपाळूपणा आणि कपड्यांखालचे पोटही हाताला गार लागणे ही तिची लक्षणे होत. यांपैकी पहिली चार ‘वयामुळे असेल’ म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. अशा व्यक्तीला कोरड्या कपड्यांत गुंडाळावे, पूर्ण शुद्धीवर असल्यासच कोमट गोड पेय द्यावे, हातपाय जोराने चोळू नयेत आणि विस्तवाजवळ नेण्याची घाई न करता वैद्यकीय मदत मागवावी.

गैरसमज 3 : धूर नसलेले निखारे घरात ठेवणे सुरक्षित असते, आणि घोटभर दारूने अंग गरम राहते.

वस्तुस्थिती : धूर डोळ्यांना झोंबतो आणि माणसाला बाहेर काढतो, निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू मात्र रंगहीन व गंधहीन असल्याने तशी सूचना देत नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 हून अधिक पट आसक्तीने जोडला जातो, आणि डोकेदुखी, मळमळ, गुंगी या क्रमाने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे दारे-खिडक्या लावून शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले खोलीत ठेवून झोपणे सर्वथा टाळावे. शेकोटी अंगणातच असावी, तीही लोंबत्या पदरापासून आणि शालीपासून दूर. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्याचा भास होतो; प्रत्यक्षात त्याच वाटेने आतली उष्णता बाहेर पडते, आणि तोल जाऊन पडण्याची शक्यता वाढते ती वेगळीच.

गैरसमज 4 : हिवाळ्यात तहान लागत नाही, तेव्हा पाणी कमी चालते.

वस्तुस्थिती : वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, तर थंडीत रक्त त्वचेकडून आतल्या अवयवांकडे वळल्याने लघवीचे प्रमाण वाढते, म्हणजे खर्च वाढतो आणि मागणी मात्र नोंदवली जात नाही. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासूनच पाणी तोडण्याची सवय यात भर घालते. याचे परिणाम बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उभे राहताच चक्कर येणे या रूपांत दिसतात. दिवसा ठरावीक अंतराने कोमट पाणी, पेज किंवा कुळथाचे कढण घेतल्यास तहानेची वाट पाहावी लागत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते, त्यांनी मात्र डॉक्टरांचे प्रमाण पाळावे.

गैरसमज 5 : पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, आणि कोवळे ऊन हाडांसाठी सर्वांत गुणकारी.

वस्तुस्थिती : ज्या विपरीततेमुळे खोऱ्यात गारवा साचतो, तिच्यामुळेच चुलींचा, महामार्गावरील वाहनांचा आणि औद्योगिक वसाहतीचा धूरही सूर्योदयापर्यंत खालीच कोंडून राहतो. शिवाय सकाळच्या प्रहरी रक्तदाब स्वभावतःच चढत असतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की तो आणखी चढतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी ऊन पडल्यावर फिरायला निघणे आणि बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी न सोडणे श्रेयस्कर ठरते. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे अतिनील किरण सूर्य पुरेसा वर आल्यावरच जमिनीपर्यंत पुरेसे पोहोचतात. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड पडते ती वेळ, अशी त्याची ढोबळ खूण सांगितली जाते, आणि डिसेंबरात या अक्षांशावर ती दुपारच्या सुमारासच येते. कोवळ्या उन्हाने अंग शेकते, हे खरे. हाडांना त्याचा लाभ थोडाच. हाडे ठिसूळ असली की दवाने ओले झालेले अंगण, निसरडी मोरी आणि रात्रीचा अंधार या साध्या गोष्टीही खुब्याचे हाड मोडायला पुरतात, म्हणून अंथरुणापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर दिवा आणि हाताला आधार असणे आवश्यक आहे.

गैरसमज 6 : ताप नाही, म्हणजे छातीचा आजार नाही.

वस्तुस्थिती : सर्दी व फ्लू गारठ्याने नव्हे, तर विषाणूंनी होतात; बंद खोलीतील सहवासाने त्यांचा प्रसार सोपा होतो. वृद्धांची प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने न्यूमोनियातही, म्हणजे फुप्फुसाच्या संसर्गातही, ताप चढेलच असे नाही. अचानक आलेला गोंधळलेपणा, जेवणावरून उडालेले मन किंवा वाढलेला श्वास हीच पहिली खूण असू शकते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात येत असल्याने ती त्याआधी, एप्रिल-मेच्या सुमारास घेणे अधिक योग्य ठरते. चुकल्यास हिवाळ्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची न्यूमोकॉकल लस याहून वेगळी असते.

गैरसमज 7 : कढत पाण्याने सांधे बरे होतात.

वस्तुस्थिती : महाडजवळच्या सव येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर सांधेदुखीचे रुग्ण स्नान करतात, आणि उष्णतेने स्नायू सैल पडून काही काळ आराम पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही, परंतु सांध्यातील कूर्चेची, म्हणजे हाडांमधील मऊ गादीची, झीज त्याने भरून येत नाही. उलट कढत पाण्यातून एकदम उठल्यास रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तर चटका बसल्याचेही कळत नाही, म्हणून पाण्याचा किंवा शेकाच्या पिशवीचा कढतपणा दुसऱ्या कोणी आधी तपासावा.

हा ‘दुसरा कोणी’ हाच या भागातील खरा प्रश्न आहे, कारण आंबेनळीच्या आसपासच्या वाड्यांतील अनेक घरांत कर्ती पिढी मुंबई-पुण्याकडे असते आणि मागे वृद्धच उरतात. शरीर जी वर्दी देत नाही, ती बाहेरून मिळवावी लागते : भिंतीवरच्या तापमापकाकडून, सकाळी दार उघडले की नाही हे पाहणाऱ्या शेजाऱ्याकडून, आणि शहरातून रोज ठरावीक वेळी येणाऱ्या फोनवरून. त्या फोनवर ‘बरे आहे ना’ एवढेच विचारले, तर उत्तर होकारार्थीच येते. रात्री काय खाल्ले, पाणी किती झाले, गोळी घेतली का असे विचारले, तर उत्तराबरोबर आवाजही ऐकू येतो, आणि शब्द जड पडत असतील किंवा बोलणे भरकटत असेल, तर ते दूरवरूनही ओळखता येते. तसे आढळल्यास शेजाऱ्याला तत्काळ घरी पाठवून 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. एरवीच्या मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे.