सोनापुरातलं स्मरणचित्र

मुहैस्नाह दोनला इथे सगळे सोनापूरच म्हणतात. मुंबईत वाढलेल्या माझ्या कानाला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सजवळचं स्मशान. दुबईतलं सोनापूर मात्र कामगारांची वस्ती. संध्याकाळी कंपन्यांच्या बसगाड्या रांगेने येतात आणि दिवसभर बांधकामावर राबलेली माणसं उतरत राहतात.

मला ते उतरणं रंगवायचं होतं. पण परवानगीवाचून माणसांचे फोटो काढणं इथे गुन्हा आहे, आणि थकून आलेल्या माणसावर कॅमेरा रोखणं मलाही पटत नाही. मग नुसतं बघायचं आणि पाय उचलून मुहैस्नाह चारमधल्या घरी यायचं. त्याआधी मी फोटो समोर ठेवून इमारती रंगवायचे, एकेक खिडकी आणि एसीचा एकेक डबा मोजून. चित्रं बिनचूक व्हायची आणि मेलेली.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमीडिएटला स्मरणचित्राचा पेपर असे. बस थांबा, भाजीबाजार. पण आम्ही आठवत कुठे होतो? घोकलेल्या चार आकृत्या सगळीकडे बसवायचो. खरं स्मरण वेगळं. पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे शिक्षक एकोणिसाव्या शतकात विद्यार्थ्यांकडून पाहिलेलं आठवून काढून घेत. शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. मीही आता आठवूनच रंगवते, आणि घरी पोचेपर्यंत माझ्या खिडक्या गळून पडतात. उरते बसच्या सावलीतली निळसर राखाडी, पिवळ्या जॅकेटांचे ठिपके, डब्याच्या वजनाने खांद्यातून लोंबणारा हात.

आधी एसी बंद करते, नाहीतर कागद भराभर सुकतो. 300 ग्रॅमचा खडबडीत कागद पुरता भिजवून यलो ऑकरमध्ये थोडा कोबाल्ट मिसळते आणि आकाश, जमीन एकाच वॉशमध्ये घेते. धुळीच्या दिवसांत ती इथे वेगळी दिसतच नाहीत. मग थांबायचं. कागद तिरका धरून पाण्याची चकाकी बघत राहायचं. ती असताना ब्रश टेकवला तर माणसाचा डाग होतो, कागद पार सुकला की कडा पुठ्ठ्यासारखी कापली जाते. चकाकी उतरते तेवढ्या मिनिटभरात माणसं उभी करायची. हातात एक इंची सपाट ब्रश, म्हणजे नाक-डोळे काढायची सोयच नाही. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा एक फटकारा म्हणजे धड. डोकं त्याला पुरतं चिकटवायचं नाही. पावलं ओल्या जमिनीत विरू द्यायची. एक नंबरचा ब्रश मी कपाटात वर ठेवलाय. तो हाताशी असला की मी कॉलरी काढत बसते आणि गर्दीतला एकच माणूस खिळ्यासारखा बाहेर येतो.

गेल्या रविवारी फुटपाथवर उकिडवा बसून एकजण फोनवर घरच्यांशी बोलत होता. चेहऱ्यावर पडलेल्या फोनच्या उजेडापुरता कागद पांढरा सोडला, बाकी सगळं एका काळपट निळ्यात. दुसऱ्या दिवशी तिथूनच जाताना तसाच बसलेला दुसरा कोणी दिसला: दोन्ही कोपरं गुडघ्यांवर, फोन दोन्ही हातांत. माझ्या चित्रातल्या माणसाला हात एकच आहे. दुसरा मी काढलेला नाही.