बॉस्मनचा दाखला

करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि जुन्या क्लबला दमडीही न देता नव्या क्लबकडे जातो, हे रात्र रात्र जागून युरोपातलं फुटबॉल पाहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. याला ‘बॉस्मन’ म्हणतात तेही ठाऊक असतं. मला कॉलेजच्या दिवसांपासून कुतूहल आहे ते या नावाच्या माणसाचं. ज्याँ-मार्क बॉस्मन मिडफिल्डर होता. त्याच्या खेळाविषयी आज कुणी फारसं बोलत नाही. त्याच्या कारकिर्दीची सगळ्यात बारकाईने केलेली नोंद सापडते ती लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाच्या निकालपत्रात: खटला क्रमांक सी-४१५/९३, तारीख १५ डिसेंबर १९९५.

सुरुवातीची वर्षं भरभर सांगता येतील. जन्म १९६४ चा, बेल्जियममधल्या लिएज परिसरातला. देशाच्या युवा संघातून खेळला, स्टँडर्ड लिएजमध्ये पाच वर्षं काढली आणि १९८८ साली त्याच शहरातल्या आरएफसी लिएजकडे आला. हा क्लब १८९६ मध्ये बेल्जियमचा पहिला विजेता ठरला होता आणि १९९० मध्ये त्याने बेल्जियन कपही जिंकला. त्याच वर्षी जूनअखेर बॉस्मनचा करार संपत होता.

त्याचा पगार बोनस धरून महिन्याला १,२०,००० बेल्जियन फ्रँक होता. एप्रिलमध्ये क्लबने नवा करार पुढे केला तो ३०,००० फ्रँकचा. नियमाने त्याहून कमी देताच येत नव्हतं, म्हणून तेवढे. बॉस्मनने सही केली नाही आणि त्याचं नाव विक्रीच्या यादीत गेलं. त्याला घेऊ पाहणाऱ्या क्लबने ‘प्रशिक्षणाचा मोबदला’ म्हणून १,१७,४३,००० फ्रँक मोजायचे होते.

हा आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. तो ठरवण्याचं सूत्र निकालपत्रातच दिलं आहे: खेळाडूचं वार्षिक उत्पन्न गुणिले एक गुणक. हा गुणक वयानुसार १४ पासून २ पर्यंत उतरत जातो. महिना ३०,००० धरून सगळ्यात मोठ्या, १४ च्या गुणकाने गुणलं, तरी उत्तर येतं ५०,४०,०००. म्हणजे विकताना मोजलेलं उत्पन्न नव्या प्रस्तावातलं असूच शकत नाही. तो माणूस विकायचा तेव्हा जुन्या पगाराच्या भावाने आणि ठेवून घ्यायचा तर चौथ्या हिश्शात. बॉस्मनला हावरा म्हणणारी माणसं मला आजही भेटतात. त्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हा गुणाकार करावा.

नियमांची पुढची पायरी याहून निष्ठुर होती. क्लबचा करार नाकारणाऱ्या खेळाडूला निलंबित करता येई. त्याने तरीही हट्ट सोडला नाही, तर दोन हंगाम न खेळता घरी बसल्यावरच क्लबच्या संमतीशिवाय त्याची सुटका होई, तीही हौशी खेळाडू म्हणून. फुटबॉलपटूच्या आयुष्यात दोन हंगाम म्हणजे काय, हे तो नियम लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

यादीतल्या किमतीला कुणी फिरकलं नाही. मग फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला डंकर्क क्लब पुढे आला. त्याने बॉस्मनला साधारण एक लाख फ्रँक पगार आणि नऊ लाखांच्या आसपास सहीची रक्कम कबूल केली. २७ जुलै १९९० रोजी दोन्ही क्लबांचंही जमलं: वर्षभरासाठी १२ लाख, आणि पुढे कायमचा हवा असेल तर ४८ लाख. अट एकच. २ ऑगस्टला हंगामातला पहिला सामना होता. त्यात खेळता येईल अशा बेताने बेल्जियन संघटनेचा ट्रान्सफरचा दाखला फ्रेंच संघटनेकडे पोचायला हवा होता.

तो पोचला नाही. डंकर्ककडे पैसे असतील का, अशी शंका लिएजला आली आणि त्यांनी संघटनेकडे दाखला पाठवण्याची मागणीच केली नाही. दोन्ही करार आपोआप बारगळले. त्यावर कडी म्हणजे, बॉस्मनला निलंबित करा, असं लिएजने ३१ जुलैला संघटनेला कळवलं. ८ ऑगस्टला तो लिएजच्या न्यायालयात गेला. तेव्हा त्याचं वय पंचवीस होतं.

नोव्हेंबरमध्ये न्यायालयाचा हंगामी आदेश त्याच्या बाजूने आला. तरीही त्याच्या वाट्याला आला तो फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला सेंट-क्वेंटिन, मग थेट हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा सेंट-डेनिस आणि १९९३ मध्ये बेल्जियमच्या तिसऱ्या श्रेणीतला ऑलिम्पिक शार्लरुआ. त्याला घेऊ शकणाऱ्या युरोपीय क्लबांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला होता असं मानायला परिस्थितीजन्य पुरावा आहे, हे निकालपत्रच नोंदवतं. एवढी गंभीर गोष्ट एका वाक्यात उरकून न्यायालय पुढे सरकतं. मी तिथे दर वेळी थांबतो.

युएफाचं एक पत्रही या कागदपत्रांत आहे. सुनावणी संपली होती. सप्टेंबर १९९५ मध्ये अ‍ॅडव्होकेट जनरल कार्ल ओटो लेन्झ यांचं मतही बॉस्मनच्या बाजूने आलं होतं. त्यानंतर, १६ नोव्हेंबरला, युएफाने अर्ज केला की लहान-मध्यम क्लबांच्या अर्थकारणात ट्रान्सफरच्या पैशाचं स्थान काय, याची आधी चौकशी व्हावी. हे आधीच मागता आलं असतं, असं सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळला. पाच वर्षं खटला चालू असताना खेळाचे कारभारी आपलं दप्तर उघडायला तयार नव्हते, असाच मी त्याचा अर्थ लावतो.

महिन्याभरात निकाल लागला. करार संपल्यावर मोबदला मागणं आणि सामन्यात इतर युरोपीय देशांच्या नागरिकांची संख्या बांधून देणं, दोन्ही रद्द. पुढच्याच वर्षी एडगर डेव्हिड्स अयॅक्स सोडून एसी मिलानला गेला आणि अयॅक्सला काही मिळालं नाही. १९९९ मध्ये मॅकमॅनमन लिव्हरपूलहून रेआल माद्रिदला, २०११ मध्ये पिर्लो युव्हेंटसला. लहान क्लबांचं नुकसान झालं, हे खरं आहे. पण त्यांना जगवायची जबाबदारी एका पगारदार माणसाच्या मानेवर ठेवायची हा कुठला न्याय? बॉस्मनच्या भरपाईचा हिशेब मिटेपर्यंत त्याचं खेळायचं वय उलटून गेलं होतं. पुढच्या नैराश्याविषयी आणि दारूविषयी तो स्वतःच मुलाखतींतून बोलला आहे.

त्याच्या वकिलांपैकी ज्याँ-लुई द्युपाँ पुढे आणखी एका मिडफिल्डरसाठी उभे राहिले, लसाना दियारासाठी. लोकोमोटिव्ह मॉस्कोने २०१४ मध्ये त्याचा करार मोडला आणि फिफाने त्यालाच १ कोटी ५ लाख युरो भरायला लावले. बेल्जियमचा एक क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण या भरपाईचा बोजा आपल्यावर येऊ नये आणि खेळाडूची नोंदणी व्हावी, अशी त्याची अट होती. तो क्लबही शार्लरुआचाच, शहरातला दुसरा. वाद मिटेपर्यंत जुन्या देशाच्या संघटनेने दाखला रोखून धरायचा, असा नियम आड आला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच लक्झेंबर्गच्या न्यायालयाने हे नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले आणि डिसेंबरमध्ये फिफाला तात्पुरते नवे नियम करावे लागले. त्यांनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत जुन्या संघटनेने दाखला दिला नाही, तर नवी संघटना खेळाडूची नोंदणी करून टाकते.