मेमरी भरली? आधी बघा, मग पुसा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर मेमरी अपुरी असल्याचा एरर आला, की अनेकांचा हात थेट रीसेटकडे जातो. जागा कशाने अडली आहे हे न पाहताच सगळं पुसलं जातं. यामागचा पहिला गैरसमज असा की, ए ते झेड या व्हेरिएबल्समध्ये उरलेले आकडेच मेमरी खातात आणि त्यांत शून्य भरलं की जागा मोकळी होते. प्रत्यक्षात शून्य असो वा चौदा अंकी दशांश, एका वास्तव संख्येला ९ बाइटच लागतात. वर तिच्या नावाच्या नोंदीचे थोडे. अक्षरं आणि थीटा मिळून २७ व्हेरिएबल्स भरली, तरी सुमारे २४ किलोबाइटच्या रॅममधला फारच लहान तुकडा जातो. खरी जागा अडवतात त्या लिस्ट. एका लिस्टमध्ये ९९९ आकडे मावतात आणि तेवढे भरले की जवळपास ९,००० बाइट गेले. अशा तीन भरलेल्या लिस्ट रॅममध्ये एकत्र मावतच नाहीत. लिस्ट रिकामी करणाऱ्या आज्ञेने आकडे जातात, नाव राहतं. नावासकट काढायचं तर लिस्ट डिलीट करावी लागते.

दुसरा गैरसमज नेमका उलट टोकाचा: कॅल्क्युलेटर बंद केला किंवा सेल बदलले की साठवलेलं सगळं जातं. बंद केल्याने रॅम पुसली जात नाही. ट्रिपल-ए आकाराचे चार सेल बदलताना रॅम टिकावी म्हणून आत एक छोटा बटण-सेल असतो. दोन्ही एकदम काढले, तरच घात. ‘अर्काइव्ह’ तर फ्लॅश मेमरीत असतो, त्याला टिकायला वीज लागतच नाही आणि रॅम रीसेट केली तरी त्याला धक्का लागत नाही.

मग सगळंच अर्काइव्हमध्ये का टाकू नये, असा प्रश्न येईल. कारण अर्काइव्ह हे कोठार आहे, कामाचं टेबल नव्हे. तिथला प्रोग्राम या मॉडेलवर थेट चालत नाही, लिस्टही थेट वापरता येत नाही. आधी ती रॅममध्ये परत आणावी लागते आणि त्यासाठी तिथे तेवढी जागा असावी लागते. शिवाय एक्स, वाय, टी, आर आणि थीटा ही व्हेरिएबल्स अर्काइव्ह करताच येत नाहीत. आलेख काढताना कॅल्क्युलेटर स्वतःच एक्स आणि वाय बदलतो, म्हणून जपायचा आकडा त्यांत ठेवूच नये. अर्काइव्हमधून डिलीट केलेल्या वस्तूची जागाही लगेच हाती येत नाही: फ्लॅश तुकड्या-तुकड्याने पुसली जाते, त्यामुळे ती नोंद आधी फक्त बाद ठरते. पुढे ‘गार्बेज कलेक्ट’ची विचारणा येते, ती याचसाठी. तिला बिघाड समजून नकार देणं म्हणजे मोकळी होऊ शकणारी जागा अडवून ठेवणं.

‘एवढं कोण बघत बसणार, रीसेट सोपं,’ हा आक्षेप वेळेच्या हिशेबाने पटण्यासारखा आहे. पण रॅम रीसेटमध्ये अर्काइव्ह न केलेले सगळे प्रोग्राम आणि लिस्ट जातात. आलेखाची खिडकी किंवा मोड बिघडला असेल, तर त्याच मेनूतला ‘डिफॉल्ट्स’ पर्याय पुरतो. तो सेटिंग्ज मूळ स्थितीत आणतो, साठवलेल्या विदेला हात लावत नाही. आणि बघायला वेळ फार लागत नाही. सेकंड आणि अधिकची कळ दाबून मेमरी मेनू उघडा, दुसरा पर्याय निवडा. वर रॅम व अर्काइव्हमधली मोकळी जागा दिसते, आतल्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिचे बाइट. एंटर दाबलं की नावाआधी तारांकन येतं, म्हणजे ती अर्काइव्हमध्ये गेली. डेलने ती कायमची जाते. नेहमी न लागणारे प्रोग्राम तारांकित करा, जुन्या लिस्ट डिलीट करा आणि रीसेट शेवटचा उपाय म्हणूनच ठेवा.