एका थेंबाचा निकाल

पावसाळ्यात तालुक्याच्या गावातल्या मेडिकलवर दिवसभर एकच मागणी ऐकू येते: ‘पोट बिघडलंय, काहीतरी द्या.’ पुष्कळदा चिठ्ठीशिवायच हातात पडते ती ओफ्लॉक्सॅसिन २०० मिलिग्रॅम आणि ऑर्निडाझोल ५०० मिलिग्रॅम अशी जोडगोळी. पहिलं औषध जिवाणूंसाठी, दुसरं अमिबा-जिआर्डिया या परजीवींसाठी. दोन्ही असतील तर दोन्ही मरतील, हा हिशेब.

गोळीतली दोन्ही औषधं आपापल्या जागी जबरदस्त आहेत. ओफ्लॉक्सॅसिन जिवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणारं विकर बंद पाडतं. ऑर्निडाझोल प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूच्या पोटात शिरल्यावरच विषारी होतं आणि त्याचा डीएनए तोडतं. ओटीपोटातल्या काही संसर्गांत प्राणवायूवर जगणारे आणि त्याविना जगणारे असे दोन्ही तऱ्हेचे जिवाणू एकत्र असतात, तिथं डॉक्टर अशी दुहेरी औषधं विचारपूर्वक देतात. साध्या जुलाबांत मात्र मिश्र संसर्ग आहे हे ठरवलं कुणी?

ते ठरवण्याचं काम मी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत पाहिलं. तंत्रज्ञ ताई डबी उघडून आधी आव आणि रक्त कुठं आहे ते शोधतात. तपासायचा कण तिथूनच उचलायचा. काचेवर एकीकडे सलाइनचा थेंब, दुसरीकडे आयोडिनचा. दोन्हींत कण कालवून वर पातळ काच. पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत पाहायचं, कारण गारठलेला अमिबा हालत नाही आणि न हालणारा अमिबा ओळखणं अवघड. सलाइनमध्ये जिवंत अमिबा पारदर्शक पाय पुढं ढकलत सरकतो. त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, की ताई मान डोलावतात: हा आतडं पोखरणारा. आयोडिनमध्ये अमिबाची पुटी पिवळसर दिसते, आत चारपर्यंत केंद्रकं मोजता येतात. जिआर्डिया गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेतो. पू-पेशींचा खच असेल, तर संशय जिवाणूंच्या आमांशाकडे वळतो.

बऱ्याच काचांवर यातलं काहीच नसतं. एका नमुन्यात अमिबा निसटू शकतो, म्हणून संशय असेल तर ताई पुन्हा नमुना मागवतात. पण पाण्यासारखे जुलाब अनेकदा विषाणूंचे असतात, आणि त्यांच्यावर या गोळीतलं एकही औषध चालत नाही.

नको तिथं दिलेल्या गोळीची किंमत पुढचा रुग्ण मोजतो. टायफॉइडवर एकेकाळी हमखास चालणारं ओफ्लॉक्सॅसिनचं कुळ आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी निकामी ठरलं आहे. त्याच कुळातलं लेव्होफ्लॉक्सॅसिन औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी राखून ठेवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही ही जोडी शिफारस न करण्याच्या यादीत टाकली आहे.

मग जुलाबांवर द्यायचं काय? १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास आणले. जुलाबात माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार गमावून. म्हणून मेडिकलच्या फळीवरून पहिल्यांदा ओआरएसची पुडी निघावी, लहान मुलासाठी सोबत झिंक. शौचात रक्त असेल, ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर डॉक्टरांकडे धाडावं. दोन औषधांची गरज आहे का, हे तपासून ठरवणं हे त्यांचं काम आहे.